माईकमामांचं न धरलेलं व्रत

शिरूरपासून दौंडपर्यंत कुठल्या मंगल कार्यालयाचं संडास मांडवापासून किती लांब आहे, त्याच्या दाराला आतून कडी आहे की नुसतीच सुतळी, आणि तिथं नळाला पाणी असतं की बादली भरून न्यावी लागते, हे माईकमामांना तोंडपाठ होतं. तालुक्यातले सगळे आजी-माजी सरपंच, सोसायट्यांचे चेअरमन आणि कोण कुणाचा व्याही, हेही त्यांना तोंडपाठ होतं. लोक त्यांना ओळखायचे ते या दुसऱ्या पाठांतरासाठी. पहिल्याची खबर फक्त आम्हा घरच्यांना होती, आणि ती उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही असा घरात न बोलता ठरलेला कायदा होता.

माईकमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, आणि मी राहायचे त्यांच्याच घरी. घोड नदीच्या काठी त्यांची बागायत, कांदा आणि शेवंती. पण शेतीवरून त्यांना कुणी कधी ओळखलं नाही. आमच्या भागात लग्न असो, साखरपुडा असो, नाहीतर दशक्रिया असो, माईकवर बोलणारा माणूस लागतोच. आलेल्या पुढाऱ्यांचं नाव घेऊन स्वागत करायचं, फेटा आधी कुणाला आणि शाल नंतर कुणाला हे सांभाळायचं, वरात लांबली तर वऱ्हाडाला बोलण्यात गुंतवायचं, आणि गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द असे बोलायचे की त्याच्याशी बांधावरून भांडलेल्या भावकीनंही डोळे पुसावेत. एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं तर तो माणूस ते पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतो. मामांकडून कधी कुणाचं नाव राहिलं नाही, आणि त्यांच्या हातात कधी कागदही दिसला नाही. आवाज असा, की मांडवात रडणारी पोरं ऐकायला गप्प बसायची.

त्यांची आणखी एक ख्याती होती. मामा कुणाच्याही कार्यात अन्न घेत नसत. चहासुद्धा नाही. एका लग्नात यजमानानं फारच आग्रह केला तेव्हा मामा नुसतं म्हणाले, "मला चालत न्हाई." एवढ्या तीन शब्दांवर लोकांनी पुढचं सगळं रचलं. कुणी म्हणालं, गुरूची आज्ञा आहे. कुणी म्हणालं, वारलेल्या मुलासाठी व्रत धरलंय. मामांना वारलेला मुलगा नव्हता. दोन मुली होत्या, दोघी धडधाकट, एक बारामतीला आणि एक चाकणला. पण व्रताची गोष्ट एकदा गावात शिरली की बाहेर निघत नाही. वधूपिते त्यांच्या पाया पडायला लागले. मामांनी उपाशीपोटी माईक धरला की कार्य निर्विघ्न पार पडतं, अशी समजूत झाली. मामी भांडी घासता घासता म्हणायची, "ह्यांचं पोट धड न्हाई आन् लोकं पाया पडत्यात."

खरी गोष्ट मामीच्या त्या वाक्यात होती. मामा उपाशी राहायचे ते भीतीनं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका लग्नातलं जेवण बाधलं, जुलाब झाले, दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. त्यातून बरे झाले, पण पोटाची सवय बिघडली ती बिघडलीच. कधी कळ, कधी फुगारा, कधी तीन-तीनदा जाऊनही साफ नाही, आणि मधेच अशी घाई की माणसानं चप्पल शोधू नये. तिथून पुढं कार्य म्हटलं की मामांचा उपास आदल्या संध्याकाळपासून सुरू. खिशात गोळ्या. बसायची जागा कडेची. साउंडवाल्याशी बिनवायरचा माईक पाहिजे म्हणून हुज्जत, कारण वायर असली तर पळताना पायात येते. पोचल्यावर आधी कार्यालयाच्या मागं एक चक्कर. लोकांना वाटायचं, मामा व्यवस्था बघतात.

उपाय सगळे झाले. बेंबी सरकलीय म्हणून एका म्हातारीनं पोटावर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला. कुणी ओवा सांगितला, कुणी देवाचा कौल लावला. पुण्याला नेऊन दुर्बिणीनं आतून तपासलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, आणि तो शब्द मामांना शिवीसारखा लागला. नॉर्मल माणूस असा पळतो का, असं ते मलाच विचारायचे. वर प्रत्येकजण एकच सल्ला द्यायचा, टेन्शन घेऊ नका. हा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला पोटात कळ आलेली असताना हजार माणसांपुढं उभं करावं आणि माजी आमदारांच्या सत्काराला सुरुवात करायला सांगावी, असं मला अजूनही वाटतं.

मग मामांनी कार्यं नाकारायला सुरुवात केली. आधी लांबची, मग जवळची. कारण विचारलं तर म्हणायचे, घसा बसलाय. शेवटी बालमित्राच्या मुलीच्या लग्नालाही नाही म्हणाले. त्या दिवशी कांद्याच्या चाळीपुढं बाज टाकून बसले होते आणि लांबून त्या लग्नातल्या स्पीकरचा आवाज येत होता. दुसराच कोणी बोलत होता आणि नावं चुकवत होता. मामा प्रत्येक चूक हळू आवाजात दुरुस्त करत होते. मी रांजणगावच्या कंपनीतून पहिली पाळी करून आले होते. मला म्हणाले, "सुले, माईक सुटला आपला आता. आवाज हाय, पोट न्हाई." मला इतका राग आला की मी जेवलेही नाही. ज्या माणसाच्या आवाजावर सबंध टापूची लग्नं लागली, त्याला आतडं घरी बसवणार?

शिरूरच्या पोटाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. म्हणाले, हा खरा आजार आहे, आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नाही, पण ते फार संवेदनशील झालंय. औषध देतो, खाण्याचंही बघू, पण तुम्ही दौंडच्या मॅडमना भेटा. दौंडच्या मॅडम म्हणजे मानसशास्त्र शिकलेल्या, आठवड्यातून ठरल्या दिवशी दौंडहून शिरूरला येऊन बसणाऱ्या. मामा बाहेर येऊन माझ्या स्कूटीशेजारी उभे राहिले.

"वेड्याच्या डॉक्टरकडं नेतीस व्हय गं मला?"

"तुम्ही शहाणे असाल तर त्या परत पाठवतील की, मामा."

"आन् न्हाई पाठवलं तर?"

"तर बरंच झालं म्हणायचं, वेळेत गेलो."

ते हसले नाहीत, पण मागं बसले.

मॅडम माझ्याच वयाच्या. मामांनी खुर्ची दाराजवळ ओढली आणि हिला बाहेर बसवलं तर मी बोलणार नाही असं माझ्याकडं बोट करून सांगितलं. मग कोर्टात साक्ष द्यावी तसं म्हणाले, "दुखणं पोटात हाय. डोसक्यात न्हाई."

"मान्य," मॅडम म्हणाल्या. "दुखणं पोटातच आहे. पण पोट आणि मेंदू यांचं आपसात सतत बोलणं चालू असतं. पोटात जरा हाललं की तुमच्या मेंदूला ते मोठ्यानं ऐकू येतं. मेंदू घाबरतो. तो घाबरला की पोट आणखी आवळतं. मग तो आणखी घाबरतो."

मामा पहिल्यांदा पुढं सरकून बसले. "म्हंजी माईक स्पीकरच्या म्होरं नेल्यावर शिट्टी वाजती, तसं."

"त्यात चूक माईकची असते की स्पीकरची?"

"दोघांचीबी न्हाई. आवाज फिरून फिरून तिथंच येतो ना."

"मग तुम्ही काय करता?"

"माईक घेऊन बाजूला सरकायचं."

"आपण तेच शिकणार आहोत," मॅडम म्हणाल्या. त्या दिवसापासून मामांनी त्या उपचाराला कधी उपचार म्हटलं नाही. शिट्टी बंद करायला चाललोय, असंच म्हणायचे.

मॅडमनी सांगितलं, रोज काय खाल्लं, पोटात काय झालं आणि तेव्हा मनात काय आलं, हे लिहून ठेवा. मामा म्हणाले, लिहायचं मला जमत नाही, बोलायचं सांगा. मग ते मोबाईलवर बोलून ठेवायला लागले, आणि बोलायचे ते कार्यातल्यासारखंच. "सकाळची वेळ, अंगणात प्रसन्न वातावरण, आन् अशा मंगल समयी डाव्या बाजूला कळेचं आगमन झालेलं हाय. मनात इचार असा की आज काय आपण शिरूरला पोचत न्हाई." मॅडमसमोर हे लावलं तेव्हा त्यांना हसू आवरेना, आणि मामांनाही स्वतःचा आवाज ऐकून नवल वाटलं. कळ लहान असायची आणि विचार केवढा तरी मोठा.

एकदा मॅडमनी विचारलं, "मांडवात नेमकं काय होईल अशी भीती वाटते?" मामांनी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. "समद्यांसमोर धोतरात हुईल," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी मामीलाही सांगितलं नव्हतं. "आजवर कधी झालंय?" "कवाच न्हाई." "मग?" "न्हाई झालं, कारण मी उपाशी असतो, गोळी खातो आन् कडंला बसतो." मॅडम म्हणाल्या, "की झालंच नसतं, आणि उपास फुकटच गेले? कोण सांगणार?" मामा म्हणाले, "कोन सांगनार?" मॅडम म्हणाल्या, "करून बघितल्याशिवाय कुणीच नाही."

हे करून बघणं म्हणजेच त्या उपचाराचा गाभा होता, आणि ते बोलण्याइतकं सोपं नव्हतं. आधी चहा पिऊन दौंडच्या वाटेवरच्या न्हावऱ्यापर्यंत जायचं. मग गोळी घरी ठेवून जायचं. मग कीर्तनात मधल्या रांगेत बसायचं, चारी बाजूंनी माणसं. प्रत्येक पायरीला मामा मॅडमशी भांडायचे आणि मग हट्टानं ती पायरी चढायचे, जणू मॅडमनाच खोटं पाडायचंय. एक दिवस त्यांनी घरून पोटभर पिठलं-भाकरी खाल्ली आणि एकटे एसटीनं दौंडला निघाले, खिडकीची जागा धरून. वर्षानुवर्षं ते एसटीत चढले नव्हते, कारण एसटी एकट्या माणसासाठी मधेच थांबत नाही. मी कंपनीत लाईनवर कामाला उभी होते, मोबाईल वाजला. "दौंड स्थानकातून तमाम भाचरांना नमस्कार. प्रवास सुखाचा झाला. पोटानं दोनदा विचारपूस केली, आपण ध्यान दिलं न्हाई." मी सुपरवायझरसमोरच रडायला लागले. त्याला वाटलं घरी काही वाईट झालं, त्यानं मला पाणी दिलं.

मामांनी पुन्हा माईक धरला. सगळं गोड झालं असं मात्र मी सांगणार नाही. शिक्रापूरला एका साखरपुड्यात पोहे खाऊन उभे राहिले आणि ऐन सत्कारात कळ आली. मॅडमनी सांगितलं होतं, कळ चढते तशी उतरते, घाबरून पळू नका. मामा थांबले. कळ उतरली नाही. तेव्हा त्यांनी जे केलं ते आधी कधी केलं नव्हतं. माईकवर सांगितलं, "मंडळी, मला जरा जाऊन यायचंय, तवर फेटे सावकाश बांधा," आणि चालत गेले. पळत नाही, चालत. परत आले तेव्हा लोक फोटो काढण्यात दंग होते. परतताना ते माझ्या स्कूटीवर मागं बसले. रांजणगाव मागं पडल्यावर म्हणाले, "सुले, कुणी बघितलंबी न्हाई गं." त्यांना सुटल्यासारखं झालं होतं, आणि थोडं वाईटही वाटलं होतं.

राहिली होती एकच पायरी, कार्यात जेवणं. मामा ती टाळत होते, आणि आता कारण पोट नव्हतं. कारण ते व्रत होतं, जे त्यांनी धरलंच नव्हतं. मॅडमना आधी हे समजलंच नाही. "तुम्ही लोकांना सांगा ना, व्रत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, "मॅडम, लोकं माझ्या पाया पडत्यात. त्यांनला काय सांगू, पाय कुणाचे धरले ते?"

इनामगावच्या बाजूला एका मोठ्या बागायतदाराच्या नातीचं लग्न होतं. आबा म्हणायचे त्यांना सगळे, सोसायटीचे जुने चेअरमन, पांढरा फेटा, हातात काठी. लग्न लागलं, पंगत बसली. मामा माईक ठेवून आले आणि सरळ पंगतीत बसले. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलेबी, मठ्ठा, सगळं वाढून झालं. मी समोरच्या पंगतीत होते. मामांनी घास उचलला आणि आसपासच्या चार पंगतींचं जेवण थांबलं. आबा काठी टेकत आले, वाकले आणि मामांचं ताट उचललं.

"मामा, आमच्या दारात व्रत मोडू नका. पोरीच्या संसाराचा प्रश्न हाय."

आवाजात राग नव्हता, काकुळती होती, आणि तेच कठीण होतं. मामांनी घास खाली ठेवला असता तर सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. मान, पाया पडणं, निर्विघ्न कार्यं, आणि मरेपर्यंतचा उपास. मामा उठले, हात न धुताच स्टेजवर गेले आणि माईक घेतला.

"मंडळी, मी कुठलंबी व्रत धरलेलं न्हाई. कवाच न्हवतं. माझं पोट बिघडतं. घाई हुती. मांडवात काय झालं तर, ह्या भीतीनं मी इतकी वर्सं तुमच्या दारात उपाशी उभा ऱ्हायलो आन् तुम्ही त्याला पुण्य म्हनलात. मी गप ऱ्हायलो, कारण पोटाचं सांगायला लाज वाटत व्हती. आता दौंडच्या एका मॅडमकडं जातो. डोसक्याच्या डॉक्टर हायत. डोस्कं ठिकाणावर हाय माझं, म्हनूनच गेलो. पोरीचा संसार चांगलाच हुनार, माझ्या पोटाचा त्याच्याशी काय संबंध? आता मला भूक लागली. मी जेवनार हाय."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. बरेचजण खाली बघत होते. आबा आतल्या खोलीत निघून गेले. मामा परत जागेवर येऊन बसले, पण पुढं ताट नव्हतं आणि वाढपी आबा गेले त्या दाराकडं बघत उभे. तेव्हा आबांच्या पत्नी, नवरीची आजी, स्वतः ताट घेऊन आल्या. नऊवारीचा पदर खोचून त्यांनी भात वाढला, वर तूप घातलं. "खावा मामा," त्या म्हणाल्या. "पोट कुणाला न्हाई?" मामा जेवले. सावकाश, शेवटच्या जिलेबीपर्यंत. मी त्यांना कार्यात जेवताना पहिल्यांदा बघत होते. माझा भात तसाच निवला.

त्या भाषणाचा व्हिडिओ गावोगाव फिरला. पोरांनी त्याला खालून संगीत लावलं. मामांना नवी नावं पडली, ती मी इथं लिहिणार नाही, कारण ज्यांनी ठेवली त्यांची पोटंही काही सोन्याची नाहीत. बोलावणी कमी झाली. थोरले चुलतमामा घरी येऊन घराण्याच्या अब्रूवर बोलून गेले. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इतकी वर्सं अब्रू जेवत व्हती, दादा, आन् मी उपाशी व्हतो. आता जरा उलटं हुंद्या." मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहा टाकलाय, अब्रूला लागंल का?"

आणि मग माणसं यायला लागली. उघड नाही, कडेकडेनं. रांजणगावचा एक ऑपरेटर आला, ज्याला दुसरा माणूस आल्याशिवाय मशीन सोडता येत नव्हतं आणि म्हणून तो पाळी संपेपर्यंत पाणीही पीत नव्हता. एक शिक्षिका आली, जी सहलीचं नाव काढलं की रजा टाकायची. शेवंती बघायला आलोय म्हणायचे, आणि शेतात पोचल्यावर विचारायचे, मामा, त्या मॅडम कुठं बसतात? एके दुपारी दार वाजलं. मी उघडलं तर आबांच्या पत्नी. मॅडमची वेळ विचारून घेतली. "ह्यांच्यासाठी," त्या म्हणाल्या. "गावातून कुठं जात न्हाईत आताशा. घरनंच हलत न्हाईत म्हना. पन मी आले व्हते हे ह्यांना कळू देऊ नका." मामांनी हात जोडले. ते कुणाकडं बोलले नाहीत. मीही आज पहिल्यांदा लिहितेय, आणि ते का, हे पुढं कळेल.

बोलावणी हळूहळू परत आली, कारण नावं न चुकवणारा दुसरा कुणी सापडला नाही. आता मामांचा नवा नेम होता. स्वागताआधी, दीपप्रज्वलनाच्याही आधी, पहिलं वाक्य ठरलेलं. "संडास कार्यालयाच्या डाव्या हाताला हाय. पानी हाय, कडी हाय. ज्याला उठायचंय त्यानं उठावं." यजमान कपाळाला हात लावायचे. बायका मात्र माना डोलवायच्या, कारण सकाळपासून पाणी न पिता लग्नाला येणाऱ्या बायका आमच्या भागात घरोघरी सापडतील. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी हटकलं. "मामा, तुम्ही पुन्हा संडास शोधायला लागलात. हीच सवय आपण सोडवली ना?" मामा म्हणाले, "मी शोधत न्हाई, मॅडम. शोधायचं काम यजमानाला लावलंय. मी नुसतं जाहीर करतो." मॅडमनी थोडा विचार केला आणि हरकत मागं घेतली. मामांचं पोट शेवटपर्यंत पूर्ण बरं झालं नाही. कळ यायची, फुगायचं, अधूनमधून घाई व्हायची. ते म्हणायचे, "पोट पोटाचं काम करतं, मी माझं करतो. आमचं भांडन मिटलं."

मामा गेले ते हृदयाच्या झटक्यानं, शेवंतीच्या वाफ्यात, सकाळी पाणी धरताना. भेटायला आलेले निम्मे लोक म्हणाले, पोटाचंच काहीतरी असणार. मी प्रत्येकाला सांगितलं, पोटाचं नव्हतं, पोट ठणठणीत होतं, रात्री भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन झोपले होते. शेवटी मामीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "असू दे गं सुले."

दशक्रियेला माईक कुणी धरायचा यावर घरात वाद झाला. मामांनी कधीच सांगून ठेवलं होतं, "माझ्या दशक्रियेला सुलीच्या हातात माईक न्हाई दिला, तर मी कावळा शिवू देनार न्हाई." चुलतमामा म्हणाले, "बाईमाणसानं घाटावर बोलायचं? आन् तेबी ते असलं बोलनार?" ते असलं म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडून निघेना. मामी म्हणाली, "तीच बोलंल. ते असलंच बोलंल."

नदीकाठी मांडव माणसांनी भरला होता. पहिल्या रांगेत पुढारी आणि म्हातारी माणसं, त्यात पांढऱ्या फेट्यातले आबा, मांडीवर काठी. दौंडच्या मॅडम बायकांत बसल्या होत्या. मी माईक घेतला. पोटात कालवाकालव चालली होती. मी ती होऊ दिली.

"संडास शाळेच्या मागं, उजव्या हाताला आहे. पाणी आहे, कडी आहे. ज्याला उठायचंय त्यानं उठावं, भाषण चालू असलं तरी. कुणी विचारणार नाही."

चुलतमामांनी डोळे मिटून घेतले. मग मी एकेकाचं नाव घेतलं, एकही राहू दिलं नाही, आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आमच्याकडं दशक्रियेच्या भाषणातून कुणी उठत नाही. उठला तर तो मेलेल्याचा अपमान, बोलणाऱ्याचा अपमान, सगळ्यांचा अपमान. म्हातारी माणसं ओठ आवळून बसतात, पण बसतात.

एक माजी सभापती रंगात आले होते, तेवढ्यात आबांनी मांडीवरची काठी टेकली आणि उठले. सगळ्या घाटानं बघितलं. सभापती वाक्याच्या मधेच थांबले. आबा त्यांच्या समोरून, सगळ्या पुढाऱ्यांच्या समोरून, शाळेच्या दिशेनं चालत गेले. पळत नाही, चालत. एकदाही मागं बघितलं नाही.

मी माईक तोंडाशी धरला. "बोला साहेब. आबा येतात."

मामा गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं, आणि मी ते पुसलं नाही. आबा सावकाश परत आले, आपल्या जागेवर बसले, काठी पुन्हा मांडीवर ठेवली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. भाषण अजून चालूच होतं.